वऱ्हाड गहाण पडलं तेव्हा

‘गहाण’ या शब्दाचा अर्थ पातूरकडच्या मुलांना शब्दकोशात शोधावा लागत नाही. मृग कोरडा गेला, बियाणं दोनदा टाकावं लागलं, घरात लग्न निघालं, की मोठ्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द हळूच येतो. आईची पोत गहाण. बैलजोडी गहाण. वावर गहाण.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, वर्षातून एकदा, दिवाळीत ती उघडायचे. तिच्यात एक पिवळा पडलेला कागद होता, मधोमध फाडलेला. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून दोऱ्यानं बांधलेले. मला वाटायचं, फाटका कागद कशाला जपायचा? एकदा विचारलंच. आबाजी म्हणाले, “अरे बाबू, हा आपल्या वावराचा गहाणाचा कागद. पैसा फिटला तवा सावकारानं माह्यासमोर फाडला. कागद फाडला नाही तं कर्ज फिटलं कसं म्हनता?”

म्हणजे गहाणाचा नियम सोपा आहे. पैसे घ्या, वस्तू ठेवा. पैसे फेडा, वस्तू परत घ्या, कागद फाडा.

मित्रांनो, आज ज्या गहाणाची गोष्ट मी सांगणार आहे त्यात कर्ज माफ झालं, तरी कागद काही फाटला नाही. आणि गहाण पडलेली वस्तू एखादं वावर नव्हतं. पातूर, बाळापूर, अकोट, अकोला, अमरावती, अचलपूर, यवतमाळ सगळंच्या सगळं होतं. थोडक्यात, आख्खं वऱ्हाड!

दोन धन्यांचा मुलूख

पातूरच्या लेण्यांच्या टेकडीवर तुम्ही सहलीला गेला असाल. तिथं उभं राहून उत्तरेला पाहिलं की काळ्या मातीचा सपाट प्रदेश पसरलेला दिसतो. दक्षिणेला घाट चढून रस्ता वाशीमला आणि पुढे हिंगोलीला जातो. ही दोन्ही टोकं लक्षात ठेवा. हिंगोली आणि अचलपूर या दोन्ही गावांचं आपल्या गोष्टीत काम आहे.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याला दोन धनी होते. हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले. दोघांचे अंमलदार यायचे आणि वसुलीत दोघांचा वाटा असायचा. याला ‘दोअमली’ म्हणत. शेतकऱ्याचे काय हाल होत असतील ते एकाच घरात दोन मास्तर शिकवायला ठेवल्यावर तुमचे जे होतील त्यावरून ओळखा.

मग १८०३ साल आलं. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी एका बाजूला, शिंदे आणि भोसले दुसऱ्या बाजूला. २९ नोव्हेंबरला आपल्याच अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला मोठी लढाई झाली. कंपनीच्या फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये त्यानं वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. अडगावला भोसल्यांची हार झाली. डिसेंबरच्या मध्यावर गाविलगडही पडला आणि देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. कंपनीनं तो आपला दोस्त म्हणून निजामाला दिला.

आता वऱ्हाडला एकच धनी उरला. निजामाला वाटलं असेल, फुकटात मुलूख मिळाला. पण कंपनीकडून फुकट काही मिळत नसतं!

घोडं कोणाचं, लगाम कोणाचा

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ‘तैनाती फौज’ वाचली असेल. संस्थानिकाच्या रक्षणासाठी कंपनीनं आपली फौज त्याच्याकडे ठेवायची आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. निजामानं १७९८ मध्ये ती पत्करली. तिच्या खर्चापोटी १८०० मध्ये त्यानं टिपू सुलतानाकडून मिळालेला बळ्ळारी-कडप्पाकडचा मोठा मुलूखही कंपनीला देऊन टाकला. हिशेब तिथंच मिटायला हवा होता. एका फौजेचा खर्च एकदा वसूल झाला होता.

पण तहात एक कलम होतं. लढाई झाली तर निजामानं आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीला पाठवायचं. ‘लढाई झाली तर’ हे शब्द नीट वाचा. शांततेच्या काळात काय, याबद्दल तहात काही नव्हतं.

हैदराबादला तेव्हा कंपनीचा एक मोठा अधिकारी राहत असे, त्याला रेसिडेंट म्हणत. १८१३ मध्ये हेन्री रसेल नावाच्या रेसिडेंटनं निजामाच्या शिपायांतून नव्या धर्तीच्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना आधी ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. पुढे अशा सगळ्या पलटणी मिळून ‘हैदराबाद कंटिन्जंट’ हे नाव रूढ झालं. त्यांच्या छावण्या कुठं होत्या? हिंगोलीला, अचलपूरजवळ, औरंगाबादला. आजचं परतवाडा हे गाव त्या छावणीमुळेच वाढलं.

या फौजेची गंमत बघा. शिपाई निजामाचे, पगार निजामाचा, अधिकारी मात्र इंग्रज. हुकूम रेसिडेंटचा. घोडं आपलं, कडबा आपला, अन् लगाम दुसऱ्याच्या हातात! १८१७ मध्ये माळव्यातल्या महिदपूरला कंपनी होळकरांशी लढली, तेव्हा ही ब्रिगेड तिथं होती. लढाई कंपनीची, जिंकलेला मुलूख कंपनीचा, खर्च निजामाच्या तिजोरीतून. इंग्रज अधिकारी आपसांत म्हणायचे की, काही काळजी नको, बिचारा निजाम सगळ्यांचे पैसे देतो. या फौजेत नेमणूक मिळावी म्हणून त्यांच्यात चढाओढ असे, कारण पगार भक्कम होता.

लढाई संपली तरी फौज मोडली नाही. १८१८ नंतर पेशवाई संपली, लढायला आसपास कोणी उरलं नाही. तरी पलटणी तशाच आणि पगार चालूच.

सावकाराचं व्याज

पगार वेळेवर द्यायला निजामाकडे पैसा नसायचा. त्याचा कारभार काही आदर्श नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. चंदूलाल नावाचा त्याचा कारभारी वसुलीचे मक्ते द्यायचा. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मुलूख, मग त्यानं रयतेकडून ती कशीही काढावी! मक्तेदाराला पुढच्या वर्षी आपल्याकडे मुलूख राहील की नाही हे ठाऊक नसे. मग तो याच वर्षी सगळं ओरबाडून घेई. गावं ओस पडत. पातूरकडचा कास्तकार तेव्हा सुखात होता आणि इंग्रजांनी येऊन त्याला दुःखात टाकलं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तर पगारासाठी कर्ज काढावं लागे. हैदराबादला विल्यम पामर नावाच्या माणसाची पेढी होती. ‘पामर आणि कंपनी’. ही पेढी फौजेच्या पगारासाठी निजामाला पैसे द्यायची. व्याज शेकडा चोवीसच्या घरात!

पाटी-पेन्सिल घ्या. शंभर रुपये, वर्षाला चोवीस टक्के. काहीच परत केलं नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं तर पहिल्या वर्षाअखेर १२४. दुसऱ्या अखेर सुमारे १५४. तिसऱ्या अखेर १९१. चौथ्या अखेर २३६. चार वर्षांत दुपटीच्या वर. हे शंभर रुपयांचं झालं. तुम्ही त्याजागी लाख ठेवून पाहा.

१८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि हा प्रकार पाहून चक्रावला. त्यानं पेढीविरुद्ध लिहायला सुरुवात केली. त्यामुळे गव्हर्नर जनरलच त्याच्यावर नाराज झाला, कारण पेढीतला एक भागीदार त्या साहेबांच्या घरच्यासारखा होता. अखेर १८२३ मध्ये कंपनीनं पामरचं देणं फेडण्यासाठी निजामाला रक्कम दिली. बदल्यात काय घेतलं? समुद्राकाठच्या उत्तर सरकार भागाबद्दल कंपनी निजामाला दरवर्षी सात लाखांच्या आसपास खंडणी देत असे. ती कायमची बंद. आणि पामरची पेढी? पुढच्याच वर्षी बुडाली.

पण ज्या कारणामुळे कर्ज झालं ते कारण तसंच होतं. फौज होती, पगार होता. पामर गेला, दुसरे सावकार आले. त्यांत मुंबईचे पेस्तनजी आणि विकाजी हे पारशी बंधू होते. या पेढीनं १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून पाचशे बैलांवर लादून कापूस मुंबईला पाठवला. वऱ्हाडचा कापूस इतक्या लांब विक्रीला जाण्याची ती पहिली मोठी खेप मानतात. निजामानं याच पेढीकडे वऱ्हाडातल्या भागांची वसुली कर्जापोटी लावून दिली होती. म्हणजे वऱ्हाड इंग्रजांकडे जाण्याच्या आधीच सावकाराकडे गहाण पडलं होतं!

२१ मे १८५३

चंदूलालनं १८४३ मध्ये कारभार सोडला. त्यानंतर पगार थकला की कंपनी आपल्या खजिन्यातून द्यायची आणि निजामाच्या नावावर मांडायची. आता सावकार स्वतः कंपनीच झाली.

कंपनीलाही तेव्हा पैसा हवाच होता. १८३९ ते १८४२ अफगाणिस्तानात लढाई, मग सिंध, मग शिखांशी दोन युद्धं, १८५२ मध्ये ब्रह्मदेश. प्रत्येक लढाई कर्जाचा एक थर चढवून जाई. १८४८ मध्ये डलहौसी गव्हर्नर जनरल झाला. त्यानं सातारा घेतलं, पंजाब घेतला. उत्पन्न देणारा मुलूख वाढवायचा आणि येणं असेल ते वसूल करायचं, अशी त्याची रीत होती. निजामाकडची थकबाकी तोवर सत्तर लाखांच्या घरात गेली होती. डलहौसीनं तगादा लावला. १८५१ मध्ये निजामानं मोठी रक्कम भरलीही. जवाहीर गहाण टाकण्याची वेळ आली. पण दोन वर्षांत आकडा पुन्हा पन्नास लाखांच्या आसपास.

१८५३ च्या वसंतात रेसिडेंट कर्नल लो नव्या तहाचा मसुदा घेऊन निजाम नासिरुद्दौलाकडे गेला. निजामानं साफ सांगितलं की राजाला दोन गोष्टींची लाज वाटते : विनाकारण वाडवडिलांचा मुलूख देणं आणि इमानी फौज मोडणं. तुम्ही मला दोन्हींच्या मध्ये उभं केलंत! त्यानं एक बिनतोड प्रश्नही विचारला. लढाई संपली, मग ही फौज माझ्या खर्चानं अजून का?

आता खरी गंमत. डलहौसीला स्वतःला हे ठाऊक होतं. शांततेच्या काळात ही फौज ठेवायला निजाम कोणत्याही तहानं बांधलेला नाही, असं त्यानं कबूल केलं होतं. तरी कर्ज वसूल करायचंच होतं.

बोलणी बरेच दिवस चालली. शेवटी रेसिडेन्सीतून निजामाच्या दिवाणाकडे निरोप गेला की बोलणी मोडल्यात जमा आहेत आणि आता फौजा हलवाव्या लागतील. याचा अर्थ कळायला दिवाणाला फार वेळ लागला नाही. २१ मे १८५३ रोजी तह झाला. दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर आठवड्याभरातच वारला.

तह असा होता. कंटिन्जंट यापुढे कंपनीची. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या यांहून ती कमी नसेल. तिच्या खर्चासाठी आणि कर्जाच्या व्याजासाठी निजामानं वऱ्हाड, नळदुर्गकडचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात द्यायचे. या सगळ्याचं मिळून उत्पन्न सुमारे पन्नास लाख. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. खर्च वजा जाता जे उरेल ते निजामाला.

कागदावर हे ‘गहाण’ म्हटलेलं नव्हतं, ‘नेमून दिलेले’ म्हटलं होतं. सरकारी दप्तरात आपल्या वऱ्हाडचं नाव पडलं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हेच नाव चाललं. आपल्याकडे ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण आहे. एवढी सोन्याची कुऱ्हाड हाती आल्यावर कोण सोडील?

त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नाही या सबबीवर डलहौसीनं १८५४ मध्ये नागपूरही खालसा केलं. वर्षभरात नागपूरपासून बुलढाण्यापर्यंतचा काळ्या मातीचा, कापसाचा पट्टा कंपनीच्या हातात आला होता. हा योगायोग होता का, ते तुम्हीच ठरवा.

कर्ज माफ, पण…

१८५७ चा उठाव झाला. हैदराबादलाही तुर्रेबाज खानाच्या लोकांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. पण निजाम आणि त्याचा तरुण दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूनं राहिले. कंटिन्जंटच्या पलटणी मध्य भारतात इंग्रजांकडून लढल्या. हैदराबाद हातचं गेलं असतं तर सगळा दक्षिण हिंदुस्थान गेला असता, असं इंग्रज अधिकारीच म्हणत होते.

मग बक्षीस म्हणून २६ डिसेंबर १८६० ला नवा तह झाला. नळदुर्ग आणि रायचूर दुआब निजामाला परत. आणि पन्नास लाखांचं सगळं कर्ज माफ!

मुलांनो, इथं थांबा आणि आबाजींचा नियम आठवा. कर्ज फिटलं की कागद फाडायचा. वऱ्हाड परत मिळायला हवं होतं ना? मिळालं नाही. वऱ्हाड फौजेच्या खर्चासाठी ‘विश्वस्त म्हणून’ इंग्रजांकडेच राहील, असं या तहात ठरलं. शिवाय एक नवीन कलम आलं. वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब इंग्रजांनी निजामाला देण्याची गरज नाही!

सावकारानं कर्ज माफ केलं, वावर ठेवून घेतलं आणि वर म्हणाला, पीक किती आलं ते विचारू नको.

लंडनचं कर्ज, बॉस्टनचा चहा

असं का झालं हे समजायला जरा वऱ्हाडाबाहेर जावं लागेल. १८५७ चा उठाव मोडायला इंग्रजांना सुमारे चार कोटी पौंड खर्च आला. हा खर्च कोणी सोसायचा? इंग्लंडनं नाही, हिंदुस्थाननं! १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला आणि राणीचा अंमल आला, पण कंपनीचं सगळं कर्ज हिंदुस्थानच्या खात्यावरच राहिलं. ते आवरायला विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे अर्थतज्ज्ञ आले. १८६० मध्ये त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्यांदा प्राप्तिकर बसवला. तुमचे बाबा दरवर्षी ज्या इन्कम टॅक्सच्या नावानं कपाळाला आठ्या घालतात, त्याची सुरुवात या युद्धाच्या कर्जात आहे. विल्सनसाहेब त्याच वर्षी कलकत्त्यात वारले, कर मात्र राहिला. १८६५ मध्ये काढला, मग पुन्हा आणला.

अशा वेळी कापसाचा, भरवशाच्या उत्पन्नाचा प्रांत कोणतं सरकार परत देईल?

आणि हे काही इंग्रज पहिल्यांदाच करत नव्हते. त्याच्या शंभर वर्षं आधी, १७५६ ते १७६३, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सात वर्षं युद्ध चाललं. इंग्लंड जिंकलं, पण सरकारी कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या वर गेलं. त्या काळी अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. लंडन म्हणालं, युद्ध तुमच्या रक्षणासाठीही झालं, आता तुम्हीही भरा. १७६५ मध्ये कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर, अगदी पत्त्यांच्या जोडावरसुद्धा तिकीट लावायचा कायदा आला. लोक खवळले. तो कर काढला तर दुसरे आले.

मग १७७३ मध्ये एक अजब गोष्ट झाली. आपलीच ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडायला आली होती. इंग्लंडच्या पार्लमेंटनं तिला चौदा लाख पौंड कर्ज दिलं आणि बदल्यात तिच्या कारभारावर पहिल्यांदा लगाम घातला. तिचा पडून राहिलेला चहा खपावा म्हणून तो अमेरिकेत स्वस्तात विकायची सवलतही दिली, पण चहावरचा कर कायम ठेवला. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात लोकांनी त्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. तीन वर्षांनी, १७७६ मध्ये, अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं.

अमेरिकेतल्या लोकांकडे स्वतःच्या विधानसभा होत्या, वर्तमानपत्रं होती. कर का, हे विचारायची सवय होती. १८६० मध्ये पातूरच्या कास्तकाराला आपण गहाण पडलो आहोत हे कोणी सांगितलं असेल का? त्याला एवढंच दिसलं असेल की मक्तेदाराऐवजी आता साहेबाचा तहसीलदार येतो.

रूळ, साखळी आणि कापूस

साहेबाचा कारभार मात्र पक्का होता. १८६१ च्या सुमारास वऱ्हाडात जमिनीची मोजणी सुरू झाली. वावर मोजून, मातीचा कस पाहून सारा ठरवला आणि तो तीस वर्षं बदलणार नाही असं सांगितलं. मक्तेदाराच्या लुटीपेक्षा हे शेतकऱ्याला नक्कीच बरं वाटलं असेल. गावं पुन्हा वसू लागली.

त्याच साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे तोंड वळवलं. भाव चढले. आगगाडी भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावला कापसाचा मोठा बाजार होता, त्याच्यासाठी वेगळा फाटा काढला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले होते. एका फाट्यासाठी व्हाइसरॉय! त्यावरून कापसाचं मोल समजतं.

पण १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सारा तेवढाच राहिला. शिवाय नव्या कायद्यानं जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली होती, म्हणजे ती विकता येत होती आणि गहाणही टाकता येत होती. सावकाराचं काम सोपं झालं. गहाण पडलेल्या प्रांतात आता वावरंही एकेक करून गहाण पडू लागली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली, आणि १८९९-१९०० च्या भयानक दुष्काळात लोकांना दाण्यासाठी रस्त्याच्या खडी फोडण्याच्या कामावर जावं लागलं.

जी. सी. बी.

इकडे हैदराबादला सालारजंगनं एकच ध्यास घेतला होता. वऱ्हाड परत मिळवायचं. १८५३ मध्ये तो दिवाण झाला तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. त्यानं खर्च कापला, कारभार सुधारला, तिजोरी भरली. मग इंग्रजांना लिहिलं की फौजेच्या खर्चासाठी रोख रकमेची हमी देतो, आता मुलूख परत द्या. अर्जावर अर्ज केले. १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही गेला. मानसन्मान पुष्कळ मिळाले. वऱ्हाडबद्दल उत्तर आलं की निजाम महबूब अली खान अजून लहान आहेत, ते मोठे होईपर्यंत हा विषय काढू नये. निजाम मोठे व्हायच्या आधीच, १८८३ मध्ये, सालारजंग वारला.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन हैदराबादला गेला आणि तरुण निजामाशी एकांतात बोलला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं, भाडं वर्षाला पंचवीस लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं. आणि ज्या कंटिन्जंटच्या पगारासाठी हे सगळं रामायण झालं, ती फौज? तीही १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळून टाकली. म्हणजे कर्ज गेलं, फौज गेली, कारण गेलं. गहाण राहिलं.

करारानंतर निजामाला ‘जी. सी. बी.’ हा इंग्रजांचा मोठा किताब मिळाला. लोकांनी त्या अक्षरांचा नवा अर्थ लावला : ‘गेव्ह कर्झन बेरार’. कर्झनला बेरार दिलं! बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. संस्थानातली माणसं उघडपणे काही बोलू शकत नव्हती, पण विनोदाला कोण अडवणार?

या फौजेचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो, कारण ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तिच्या पलटणींची नावं बदलत गेली. एक काळ ‘हैदराबाद रेजिमेंट’ असं नाव होतं. १९४५ मध्ये ते बदलून ‘कुमाऊँ रेजिमेंट’ झालं. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीरचक्र ज्यांना मिळालं, ते मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. या रेजिमेंटचा इतिहास मागं मागं नेला की तो अचलपूरच्या नवाब सलाबत खानाच्या शिपायांपर्यंत येऊन पोचतो!

शेवटचा निजाम उस्मान अली खान यानं १९२३ मध्ये वऱ्हाड पुन्हा मागितलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगचं उत्तर आलं की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं कोणत्याही संस्थानिकानं वाद घालू नये. कागदाचा प्रश्न विचारला होता, उत्तर ताकदीचं मिळालं. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याची समजूत काढण्यासाठी एक युक्ती केली. निजामानं स्वतःला ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’ म्हणवून घ्यावं आणि त्याच्या थोरल्या मुलानं, आझम जाहनं, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब लावावा. म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र! मुलूख मात्र मध्यप्रांताच्याच कारभारात.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर स्वतंत्र भारतात राहिलं. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं. वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. १८५३ चा तो कागद मात्र कोणी कोणासमोर फाडलाच नाही.

मी ही सगळी हकीकत आबाजींना सांगितली होती. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकली. कर्झन, डलहौसी ही नावं त्यांना लक्षात ठेवायची नव्हती. त्यांनी एकच विचारलं, “पंचवीस लाख भाडं म्हनतं, पन मंग सारा कोन भरे?”

मी म्हटलं, “तुमचे आजोबा.”

आबाजी काही बोलले नाहीत. पेटी उघडून त्यांनी फाटक्या कागदाचे दोन्ही तुकडे नीट एकावर एक ठेवले आणि दोरा पुन्हा बांधला.